नानांचे अठरा

रविवारी दादांच्या बुटांच्या कारखान्यातल्या प्रेसखात्याला कुलूप असतं. त्या रविवारी मात्र सकाळी नऊलाच दार उघडं होतं आणि आत घरातली माणसं खुर्च्या मांडून बसली होती. दादांना ते चित्र मुळीच आवडलं नाही. कामाच्या जागी खुर्च्या मांडल्या म्हणजे एक तर कोणाचा तरी सत्कार असतो नाहीतर शोकसभा, आणि आज यातलं काय आहे हे कळायला मार्ग नव्हता.

खरं तर हे सगळं त्यांनीच अंगावर ओढवून घेतलं होतं. आठ दिवसांपूर्वी जेवताना राजेंनी विषय काढला. राजे म्हणजे दादांचे एकुलते एक चिरंजीव. लहानपणी उन्हं अंगावर आल्याशिवाय उठायचे नाहीत म्हणून हे नाव पडलं आणि आता केस पिकायला लागले तरी सुटलं नव्हतं.

"बाबा, हातप्रेस ओढायला माणूस मिळत नाही," राजे म्हणाले. "ज्यांचे खांदे चालतात ते येत नाहीत आणि जे येतात त्यांचे खांदे चालत नाहीत. चिमटीने कोपऱ्यातलं मशीन दुरुस्त केलंय. ते सुरू करू या आणि खातं तिच्याकडे देऊ या."

कोपऱ्यातलं मशीन म्हटल्याबरोबर दादांचा घास हातातच राहिला. एकोणीस वर्षं ते ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. आणलं होतं घड्याळ्याने, दादांच्या धाकट्या भावाने. आणलं, तीन आठवडे चालवलं, आणि त्या तीन आठवड्यांत जे झालं त्यानंतर घड्याळ्याने कारखाना सोडला, गाव सोडलं आणि दोन वर्षांपूर्वी तिकडेच परक्या ठिकाणी डोळे मिटले. चिमटी ही त्याची मुलगी. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून चिमटी. खेळाचे बूट करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून, आईला बरोबर घेऊन, ती तीन महिन्यांपूर्वी राजेंच्या बोलावण्यावरून परत आली होती.

"ठीक आहे," दादा म्हणाले होते. "माझे दहा तुकडे हातप्रेसवर, तिचे दहा तुकडे त्या मशीनवर. ओढून बघायचे. तिचे टिकले तर खातं तिचं, मी एक शब्द बोलणार नाही. माझे टिकले तर ते धूड माझ्या नजरेसमोरून कायमचं जाईल."

धूड गेलं की चिमटीही जाणार हे सगळ्यांना कळत होतं. दादा ते बोलले नाहीत, कारण बोलायची गरज नव्हती.

तर आता खुर्च्या. दादांच्या उजव्या हाताला आत्या, म्हणजे दादांची बहीण, दोन भावांमधली. तिच्या जिभेला हाड नाही असं सगळं घर म्हणायचं आणि तिलाही ते मान्य होतं. आज ती दादांच्या बाजूने होती आणि तसं तिने दारातच जाहीर करून टाकलं होतं. समोर राजे, मांडीवर वही घेऊन. दाराजवळ, निघायला सोपं पडेल अशा बेताने, धाकटी, घड्याळ्याची बायको. घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिला धाकटी म्हणत आणि आता साठीतही ती धाकटीच होती. आल्यापासून तीन महिन्यांत तिने या खात्यात पाऊल टाकलं नव्हतं. आजही पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

हातप्रेसशी मिस्त्री उभा होता. खांद्याला पट्टा बांधलेला, पासष्टीचा, चाळीस वर्षं याच लोखंडी दांड्याला लोंबकळलेला.

"तापला?" दादांनी विचारलं.

"एकशेचाळीस. काटा बघा."

"काटा काय बघायचाय. हाताला कळतं."

इथे होणारे बूट दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहणाऱ्यांसाठी असतात. दवाखान्यातल्या नर्सेस, मोठ्या स्वयंपाकघरांतले लोक. सुईने टाके घातले की भोकांतून पाणी आत येतं, म्हणून बुटाच्या पुढची रबरी पट्टी इथे शिवत नाहीत, चिकटवतात. खाली कापड, त्यावर चिकटवायची सायीसारखी फिल्म, तिच्यावर पट्टी आणि वरून तापलेला प्रेस. फिल्म वितळून दोन्हीकडे धरते आणि थंड झाली की सुटायचं नाव घेत नाही. किती वेळ दाबायचं ते भिंतीवर तेलरंगात लिहिलेलं होतं, हातभर उंच आकड्यात: १८. हे अठरा नानांचे. दादांच्या वडिलांनी पहिला हातप्रेस बसवला तेव्हा महिनाभर तुकडे जाळून जाळून हा आकडा काढला होता, आणि पुढे चाळीस वर्षं या खात्यात त्या आकड्यावर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

मिस्त्रीने पहिला तुकडा ठेवला. दांडा खाली आला. दादा उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मोजायला लागले. हे मोजणं ते कधी दुसऱ्यावर सोपवत नसत.

"एक, दोन, तीन, चार, पाच, हं सहा, हं सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, हं सोळा, हं सतरा, अठरा!"

अठराला दांडा वर. आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही. नांगर धरल्यासारखी एक सरळ रेघ, तिच्यात ठरलेल्या जागी ठरलेले हुंकार. मिस्त्री ओठांतल्या ओठांत बरोबर पुटपुटत होता. दहा तुकडे झाले तेव्हा दादांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"आता तुझं," ते चिमटीला म्हणाले.

चिमटीने मशीनचं झाकण बंद केलं. तिने फिल्म दादांच्याच रिळातून कापली होती, कापड त्याच थानातलं, पट्टी त्याच पेटीतली. तिने तापमान बघितलं, मग बटणांवर बोट ठेवून मागे वळली.

"काका, वेळ किती लावू?"

"भिंतीवर लिहिलंय."

"अठरा सेकंद?"

"अठरा म्हणजे अठरा. यात विचारायचं काय आहे?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि दादांना उगीचच वाटलं की हे आपण आधीही कधीतरी, इथेच उभं राहून बोललोय. पण वयाबरोबर अशा वाटण्याची सवय होते.

"फिल्मबरोबर कागद येतो त्यावर वीसच्या पुढे लिहिलंय," चिमटी म्हणाली. "म्हणून विचारलं."

"कागद लिहिणाऱ्याने कधी दांडा ओढलाय का? नानांनी अख्खं आयुष्य अठरावर काढलं. तुला वीस लावायचे तर लाव, पण मग मी म्हणेन की तू बरोबरीने खेळली नाहीस."

"बरं. अठरा."

मशीनने दहा तुकडे दाबले. प्रत्येक वेळी शेवटी एक बारीक शिटी वाजायची आणि प्रत्येक वेळी आत्या दचकायची. "मेलं, माझ्या कुकरला पण एवढी घाई नसते," ती म्हणाली. राजे हसले, धाकटी हसली नाही.

तुकडे गार व्हायला अर्धा तास ठेवले. राजेंनी थर्मासमधला चहा ओतला. दादांनी कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. समोर तो कोपरा होता. ताडपत्री काढून मशीन पुढे ओढल्यापासून भिंतीवर मशीनच्या मापाचा एक पांढरा चौकोन दिसत होता, बाकी भिंत धुराने काळवंडलेली. याच जागी उभं राहून त्यांनी चाळीस कामगारांसमोर भावाला विचारलं होतं, की स्वस्तातली पातळ फिल्म आणून कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकलीस? नव्या मशीनवरचा अख्खा लॉट परत आला होता. पट्ट्या सुटल्या होत्या. एका नर्सचा पाय सुटलेल्या पट्टीत अडकला, ती जिन्यावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. घड्याळ्या त्या दिवशी एवढंच म्हणाला होता, "दादा, फिल्म चांगली आहे." पुन्हा पुन्हा तेच. मग गप्प झाला. गप्प झाला म्हणजे कबूल केलं, असं दादांनी तेव्हा धरलं.

त्याच्या अंत्यदर्शनाला दादा गेले होते. सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

"चला," चिमटी म्हणाली.

तिने एक स्टँड करून घेतला होता. तुकड्याचं कापड खाली पकडीत अडकवायचं, पट्टीला वर काट्याचा हूक लावायचा आणि हळूहळू चाक फिरवत ओढायचं. जोड चांगला असेल तर कापड फाटेल पण पट्टी सुटणार नाही. तिचे वडील हेच म्हणायचे, रोज सकाळी एक बूट फाडून बघू या, दादा. धडका बूट फाडायचा म्हणजे काय, असं म्हणून दादांनी ते उडवून लावलं होतं.

दादांचा पहिला तुकडा. चाक फिरलं, काटा चढत गेला, आणि टर्रकन कापड फाटलं. पट्टी जागच्या जागी.

दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. दहाही तुकड्यांचं कापड फाटलं. मिस्त्रीने नकळत छाती पुढे काढली.

चिमटीने स्वतःचा पहिला तुकडा अडकवला. काटा जेमतेम अर्ध्यावर गेला आणि पट्टी केळीच्या सालीसारखी सोलून हातात आली. पट्टीच्या मागे फिल्म तशीच चमकत होती, एका बाजूने धरलेली, दुसरीने कोरी.

दहापैकी नऊ सुटले.

"झालं!" आत्याने टाळी वाजवली. "मी म्हणत होते ना, आमच्या दादाचा हात म्हणजे हात. उगीच रविवार फुकट घालवलात पोरांनो."

राजेंनी वही मिटली. ते बहुधा मनातल्या मनात उद्यापासून दांडा कोण ओढणार याचा हिशोब करत होते. दादांना आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्या छातीतून एक मोठा श्वास मोकळा झाला, एकोणीस वर्षं अडकून पडल्यासारखा. तो श्वास तिथेच संपला असता तर बरं झालं असतं. पण माणूस जिंकला की त्याला गप्प बसवत नाही.

"बापाने केलं तेच पोरीने केलं," ते म्हणाले.

धाकटी उठली. पर्स खांद्याला लावली.

"थांब आई," चिमटी वळून न बघता म्हणाली. ती सोललेला तुकडा उजेडात धरून बघत होती. "काका, बाबांनी काय केलं होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. पातळ फिल्म आणली."

"ही फिल्म तुमची आहे."

दादांनी टेबलावरच्या रिळाकडे बघितलं.

"तुमच्या रिळातली. तुमच्यासमोरच कापली," चिमटी म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, ती खरोखरच कोड्यात पडली होती. "फिल्म तीच, कापड तेच, पट्टी तीच. तापमान दोन्हीकडे मी स्वतः मोजलंय, एकशेचाळीस. दाब तर माझा जास्त आहे. मग माझा जोड अर्धाच का धरला? फिल्म वरून वितळलीय आणि खालपर्यंत ऊब पोचलीच नाहीये. बघा ना." तिने तुकडा पुढे केला, पण दादांनी तो घेतला नाही. "उरली वेळ. काका, परत एकदा मोजा ना."

"काय मोजा?"

"अठरा. तसेच मोजा."

"पोरखेळ चाललाय का?"

"मोज रे दादा," आत्या म्हणाली. "हरलेल्या पोरीची एवढी हौस पुरवली तर काय बिघडलं?"

दादांनी हात मागे घेतले. चिमटीने फोन काढून बोट टेकवलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच, हं सहा, हं सात..."

अठरा झाले. चिमटीने फोनकडे बघितलं.

"मिस्त्रीकाका, तुम्ही मोजा."

मिस्त्रीने मोजलं. त्याच चालीत, त्याच हुंकारांसकट.

"तेवीस," चिमटी म्हणाली. "तुमचेही तेवीस, काकांचेही तेवीस. अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही." तिला क्षणभर त्या अचूकपणाचं कौतुकच वाटलं. "पण तुम्ही मध्ये मध्ये थांबता का? सहाच्या आधी, सातच्या आधी?"

"थांबत नाही," मिस्त्री म्हणाला. "तो हं आहे."

"हं कशाला?"

मिस्त्रीने दादांकडे बघितलं. दादांनी मिस्त्रीकडे. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"तसंच मोजायचं असतं," दादा म्हणाले. "नानांनी तसं शिकवलं."

आणि मग आत्या हसायला लागली. आधी खुसखुसली, मग पदर तोंडाला लावला.

"अगं तो नानांचा हं!" ती म्हणाली. "शिकवलं कसलं डोंबल! नानांना स म्हणता यायचा नाही. जीभ अडखळायची त्यांची. स आला की आधी हं करून घ्यायचे, मग शब्द बाहेर पडायचा. आईला हाक मारायची तरी आधी हं. मी लहान असताना मला गोष्ट सांगायचे, 'एक होता हं ससा'. मला वाटायचं, हंससा नावाचाच प्राणी असतो!" तिने डोळे पुसले. "सहा, सात, सोळा, सतरा. बघा, चार वेळा. आणि तुम्ही दोघं शहाणे इतकी वर्षं तोच हं... "

बोलता बोलता तिचं हसू विरून गेलं. समोर दादा मशीनच्या बटणांकडे बघत होते.

दादांना ते वाक्य आता नीट आठवलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी घड्याळ्या याच मशीनच्या बटणांवर बोट ठेवून उभा होता. मनगटावर नेहमीचं घड्याळ, ज्यावरून शाळेत असल्यापासून त्याला ते नाव पडलं होतं. त्याने मागे वळून विचारलं होतं, दादा, अठरा सेकंद? आणि दादांनी सांगितलं होतं, अठरा म्हणजे अठरा, यात विचारायचं काय आहे?

"पाच सेकंद," राजे हळूच म्हणाले. "म्हणजे तेव्हा काकांनी..."

"तू गप्प बस," आत्या म्हणाली. मग तिचा स्वर बदलला. "मला कधी या खात्यात पाऊल टाकू दिलं नाहीत तुम्ही. मुलींचं काय काम म्हणे इथे. तेव्हा मी इथे असते आणि कोणी असं विचारलं असतं ना दादा, तर हा हं नानांचा आहे हे तेव्हाच सांगितलं असतं. तो घड्याळ्या बिचारा..." ती दादांच्या शेजारची खुर्ची सोडून उठली आणि दाराकडे, धाकटीजवळ जाऊन उभी राहिली.

"त्यांना माहीत होतं," धाकटी म्हणाली.

सगळ्या सकाळीत ती पहिल्यांदा बोलली होती, आणि इतक्या साध्या आवाजात, की दादांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय माहीत होतं?"

"हेच. लॉट परत आला त्याच्या तिसऱ्या दिवशी नाना इथे आले होते. स्टुलावर बसले होते. मिस्त्री दांडा ओढत होते आणि नाना सवयीने मोजत होते. यांनी घड्याळ बघितलं. घरी आले ते न जेवता आडवे झाले. मी म्हटलं, कळलंय ना आता, मग जाऊन सांगा सगळ्यांना. तर म्हणाले, काय सांगू? नानांनी आयुष्यभर ते अडखळणं गाण्यासारखं म्हणून झाकलं. आता ऐंशीव्या वर्षी त्यांच्यासमोर घड्याळ धरून चाळीस माणसांना सांगू, की यांची जीभ अडते म्हणून त्या बाईचं मनगट मोडलं?"

मिस्त्रीने खाली बघितलं. तो त्या दिवशी तिथेच होता.

"मग मला एकट्याला सांगायचं," दादा म्हणाले.

"आले होते सांगायला. दोनदा. पहिल्यांदा तुम्ही दार उघडलं नाहीत. दुसऱ्यांदा उघडलंत आणि म्हणालात, फिल्म कुठून आणलीस एवढं सांग, दुसरं काही ऐकायचं नाही मला."

हेही खरं होतं. दादांना दाराची कडीसुद्धा आठवली.

"आणि नाना गेल्यावर?" त्यांनी विचारलं. "नाना गेल्यावर कोणाची भीड होती?"

"नाना गेल्यावर वाट बघत बसले. म्हणायचे, दादा एक ना एक दिवस मोजता मोजता घड्याळाकडे बघेल. बघितलं की फोन करेल. नवीन गावी आधी तो फोन जोडून घेतला, मग गॅस."

"मी घड्याळ वापरत नाही," दादा म्हणाले.

"ते माहीत होतं त्यांना," धाकटी म्हणाली. "तरी म्हणायचे."

दादा बसले. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच बसले. राजेंनी ती वेळेवर सरकवली म्हणून निभावलं. किती सोपं होतं ते. हाताशी घड्याळवाला भाऊ होता, त्याला एवढंच म्हणायचं होतं, ये, दोघं मिळून मोजून बघू. त्याने रोज एक बूट फाडू या म्हटलं तेव्हा हो म्हणायचं होतं. दार उघडल्यावर एक मिनिट, नाही, तेवीस सेकंद गप्प बसायचं होतं. यातलं काहीही त्यांना जड नव्हतं आणि यातलं काहीही त्यांनी केलं नाही, आणि आता करायचं म्हटलं तरी करता येणार नव्हतं.

"धाकटे," ते म्हणाले, "माझं चुकलं."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

"मला इथे चार भिंतींत सांगून काय होणार, दादा?" ती म्हणाली. "तेव्हा चाळीस जण उभे होते."

ती गेली. आत्याही तिच्याबरोबर गेली. मिस्त्रीने प्रेसचं बटण बंद केलं आणि काहीतरी निमित्त काढून मागच्या अंगणात गेला.

चिमटी मात्र तुकडे गोळा करत राहिली. मग ती मशीनपाशी गेली, वेळ तेवीसवर नेली आणि एक नवा तुकडा ठेवला. झाकण बंद झालं. दादांचे ओठ हलायला लागले. त्यांनी थांबायचा प्रयत्न केला पण ओठांनी ऐकलं नाही. ते अठराला आले आणि त्याच क्षणी मशीनची शिटी वाजली.

"बरोबर आला," चिमटी म्हणाली. तिने ताणून बघितलं. कापड फाटलं. "नानांचा आकडा बरोबरच होता, काका. फक्त लिहिला चुकीचा गेला."

"खातं तुझं," दादा म्हणाले.

"पैज तुम्ही जिंकलात."

"खातं तुझं," ते पुन्हा म्हणाले. "उद्या सकाळी आठला सगळ्यांना इथे थांबव. मला बोलायचंय."

सोमवारी आठला सगळे जमले. चाळीस नव्हते, बावीस होते. दादांनी मोजले, मनातल्या मनात, हं न करता. त्यांतले सातजण तेव्हाचे. बाकीचे नवे, कोणी दोन वर्षांचे, कोणी दोन महिन्यांचे. धाकटी दाराच्या आत उभी होती, आज तिच्याजवळ पर्स नव्हती. आत्या तिच्या शेजारी. राजे वेळेवर उठून आले होते, पण ते आज कोणाच्या लक्षात आलं नाही.

दादा त्या पांढऱ्या चौकोनाजवळ, एकोणीस वर्षांपूर्वी जिथे उभे होते तिथेच उभे राहिले.

"नव्या मशीनवरचा एक लॉट मागे परत आला होता," ते म्हणाले. "त्यात एका बाईचं मनगट मोडलं. मी इथे उभं राहून म्हटलं होतं की घड्याळ्याने पातळ फिल्म आणली. ते खोटं होतं. फिल्म चांगली होती. वेळ चुकली होती आणि ती वेळ मी सांगितली होती. त्याने मला विचारलं होतं. मी त्याला नीट उत्तर दिलं नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती."

ते थांबले. रात्रभर जमवलेलं एवढंच होतं. जुन्या सातजणांनी माना खाली घातल्या. मिस्त्री डोळ्यांना फडकं लावून उभा होता. नवे पंधराजण आदराने, पण जरा गोंधळून, दादांकडे बघत राहिले. मालक काहीतरी मोठं बोलले एवढं त्यांना कळलं होतं.

मागच्या रांगेत पट्ट्या कापणारी एक मुलगी होती, गेल्याच महिन्यात लागलेली. तिने शेजारणीला विचारलं. तिला हळूच विचारायचं होतं, पण मशीनं बंद असली की त्या खात्यात कुजबुजही ऐकू जाते.

"हे घड्याळ्या कोण?"

शेजारणीलाही माहीत नव्हतं. तिने खांदे उडवले. कोणीतरी त्या मुलीला कोपराने ढोसलं, ती लाजून लाल झाली. राजे पुढे होऊन काही बोलणार होते, पण दादांनी हात वर केला.

"विचारू दे तिला," ते म्हणाले. "बरोबर विचारलंय."

त्यांनी धाकटीकडे बघितलं, मग त्या मुलीकडे. उत्तर दोन शब्दांचं होतं. एकोणीस वर्षांत त्यांनी ते कोणासमोर उच्चारले नव्हते. कोणी विचारलं तर, पूर्वी आमच्याकडे कामाला होता, असं सांगून मोकळे व्हायचे.

"तो माझा," दादा म्हणाले आणि अडले. शब्द तोंडात होता, पण जीभ टाळूला चिकटली, सोडवेना. जन्मात त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. बावीस माणसं, आत्या, धाकटी, चिमटी, सगळी त्यांच्याकडे बघत होती. मिस्त्रीचे ओठ आपोआप हलले, जणू मोजणी चालू आहे.

दादांनी डोळे मिटले आणि नाना घ्यायचे तसा श्वास घेतला.

"माझा... हं... सख्खा भाऊ."